आत्याची ताटावरची पारख

माझ्या आत्याची एक परीक्षा होती. प्रचारक खरा की खोटा हे व्यासपीठावर कळत नाही, ताटावर बसला की कळतं, असं ती म्हणायची. पुलगावात आमच्या ख्रिस्ती मंडळीत बाहेरून कुणीही प्रचारक आला की त्याचं एक जेवण आमच्या घरी ठरलेलं. हा रिवाज तिनंच पाडला होता. लोकांना वाटायचं, बाई किती अगत्याची! अगत्य होतंच, पण त्या अगत्याआड ती पाहुण्याला उभा-आडवा तपासून घ्यायची.

एकजण उपासावर दीड तास बोलला आणि आमच्या घरी अकरा पोळ्या हाणून वर विचारता झाला, भात नाही का? नापास. दुसरा नम्रतेवर इतकं गोड बोलला की बायांनी पदरानं डोळे पुसले; जेवायला बसल्यावर त्यानं स्टीलचा पेला परत पाठवला आणि काचेचा मागवला. तोही नापास. आणि एक म्हातारा आला होता समुद्रपूरकडून, एसटीनं, तुटक्या चपलेत. त्याच्या प्रवचनात अर्धी मंडळी पेंगली, मी तर घोरले असं अजून सांगतात. पण पहिला घास घ्यायच्या आधी त्यानं विचारलं, "बाई, तुम्ही जेवल्या का?" आणि जेवण झाल्यावर आपलं ताट उचलून नळाखाली घासायला बसला. आत्या त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली. परत येऊन मला म्हणाली, "याचं ऐकत जाय. झोप आली तरी ऐकत जाय."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. चाळीस वर्षं ती बायबलबाई होती. म्हणजे देवळीच्या, समुद्रपूरच्या खेड्याखेड्यांत एसटीनं नाहीतर पायी जायचं, कापूस वेचणाऱ्या बायांच्या दुपारच्या सुट्टीत बांधावर बसायचं, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना शास्त्र वाचून दाखवायचं. तिच्या पुस्तकात पानोपानी तिच्याच हातच्या पेन्सिलीच्या खुणा. मी देवळीच्या शाळेत गणित शिकवते, नाकावर राग घेऊनच जन्माला आले, आणि आई-वडील गेल्यापासून तिच्याजवळच राहते. आम्ही दोघी भांडायला एकमेकींना पुरेशा आहोत.

आत्याला वीस वर्षांपासून शुगर. आधी गोळ्या होत्या, मग दोन वेळची सुई आली. आणि दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या आतल्या पडद्यातून रक्त उतरलं. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, शुगर ताब्यात ठेवली तर उरलंय तेवढं टिकेल. उरलं होतं काय? उजेड, सावल्या, माणसाचा आकार. अक्षर नाही. ती रोज सकाळी पुस्तक उघडायची, खुणेच्या पानावर हात ठेवून बसायची, आणि जे पाठ होतं ते ओठातल्या ओठात म्हणायची. मी वाचून दाखवू का विचारलं की म्हणायची, "तू गणितासारखं वाचते."

आता शेजारची काकू सांगायला हवी. तिचे यजमान दारूगोळ्याच्या डेपोतून रिटायर झालेले, पण त्यांच्या घरात स्फोट व्हायचे ते काकूचेच. काकूला बीपी. काकूकडे मोठा मोबाईल, आणि मोबाईलमध्ये एक प्रचारक. पांढरा सूट, पांढरे बूट, हिंदीत मराठी घोळून बोलणारा. त्याच्या व्हिडिओत लंगडे धावायचे, आंधळे पेपर वाचायचे. काकू रोज दुपारी येऊन आवाज मोठा करून आत्याला ऐकवायची. मी शाळेत असायचे, म्हणून हे मला फार उशिरा कळलं.

तर हाच पांढऱ्या बुटांचा प्रचारक आमच्या मंडळीनं तीन दिवसांच्या सभेला बोलावला. शुक्रवार, शनिवार, रविवार.

शुक्रवारी मंडप तुडुंब. आमच्या साध्या पेटी-तबल्याच्या मंडळीत त्या दिवशी स्पीकर असे लावले होते की छातीत दणके बसावेत. प्रचारक ओरडला, "गोळी म्हणजे काय? संशय! सुई म्हणजे काय? संशय! प्रभूवर भरोसा आहे का डॉक्टरवर? हालेलुया?" लोक म्हणाले, "हालेलुया!" मग त्यानं व्यासपीठाखाली एक मोठं टोपलं ठेवायला लावलं. "ज्याचा विश्वास आहे त्यानं आपला संशय आणून इथे टाका."

आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "मले समोर ने." मला वाटलं, प्रार्थनेला चालली. मी तिचा हात धरला, गर्दीतून वाट काढली, "सरका हो, म्हातारी माणसं आहेत" असं चार जणांना सुनावलंसुद्धा, आणि तिला टोपल्यापर्यंत नेलं. तिनं पर्स उघडली, रुमालात गुंडाळलेली इन्सुलिनची बाटली काढली आणि टाकली. घरून निघतानाच फ्रीजमधून काढून आणली होती! तिला तिथवर माझ्या हातानं नेलं मी. याची चीड मला अजून येते, आणि ती त्या प्रचारकावर कमी, माझ्यावर जास्त येते.

आमच्या मागोमाग काकूनंही बीपीच्या गोळ्यांची पट्टी टोपल्यात टाकली, आणि मोठ्यानं रडली.

घरी येताना मी मेडिकलमधून नवी बाटली घेतली. आत्यानं दंड पुढे केला नाही.

"आत्या, तुले काही कळते का? शुगर वाढली तर उरलेलं जाईल, आणि तूही जाशील."

"मले वाचाले पाहिजे, पोरी."

"डॉक्टरनं काय सांगतलं होतं?"

"डॉक्टरनं त्याचं सांगतलं. यानं याचं सांगतलं."

"आणि तूच म्हणत होती ना, आधी ताटावर पाहावं?"

ती म्हणाली, "ताट पाहाले डोळे लागते. तुले काय जाते? तुले दिसते."

चाळीस वर्षं दुसऱ्यांना वाचून दाखवलेल्या बाईला आता स्वतःला एक ओळ वाचायची होती, आणि तेवढ्यासाठी तिनं आपली सगळी अक्कल गहाण टाकली होती. तिला कळत नव्हतं असं नाही. तिला कळून घ्यायचं नव्हतं.

शनिवारी सकाळपासून ती तांब्यावर तांब्या पाणी पीत होती. तहान भागेना. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या मान टाकायला लागली. मी ओरडले तिच्यावर. तिनं फक्त एवढंच म्हटलं, "विश्वासाची परीक्षा आहे, होते थोडा तरास."

मी पदर खोचला आणि तडक मंडपाकडे गेले. ठरवलं होतं, त्या माणसाला चार लोकांत असा झापायचा की बूट तिथंच टाकून पळाला पाहिजे. गेले तर चहापान चाललेलं. आमच्या बायांनी त्याच्यापुढे चहा आणि बालुशाहीची ताटली धरली होती. त्यानं ताटली हातानं बाजूला सारली. "मीठा नही, बहनजी. चाय फीकी." बायांपैकी एकीनं मला कौतुकानं सांगितलं, "प्रभूसाठी साखर सोडली म्हणे त्यांनी." मी गणिताची मास्तरीण आहे, मला अशी उदाहरणं सोडवायला वही लागत नाही. मी राग गिळला, चेहऱ्यावर गोड हसू आणलं, ते मला जमतं हे मलाच माहीत नव्हतं, आणि म्हटलं, "साहेब, उद्या दुपारचं जेवण आमच्याकडे. नाई म्हणू नका. आमची आत्या जुनी बायबलबाई आहे."

"जरूर, बहनजी, जरूर!"

घरी येऊन सांगितलं तर आत्याच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा तरतरी आली. म्हणाली, "पुरणाच्या पोळ्या करजो. तूप मोजू नोको."

"अजिबात नाई मोजत," मी म्हटलं.

रविवारी काकू लाटायला आली. आमच्याकडच्या पुरणपोळीत पुरण असं ठासून भरतात की पोळी तळहातावर घेतली तर मनगट दुखावं, आणि तूप वाटीनं ओतायचं. मी पुरणात नेहमीपेक्षा जास्त गोड घातलं. ही लबाडी होती, मान्य आहे. पश्चात्ताप झाला नाही.

प्रचारक आला, लांबलचक प्रार्थना केली, पाटावर बसला. मी वाफाळती पोळी वाढली, वर तुपाची धार.

"बहनजी, मैं मीठा..."

"काऊन जी?" आत्या समोर बसली होती, तिनंच विचारलं. "बायबलबाईच्या घरची पोळी नाई खात?"

"प्रभूसाठी सोडलं आहे, माताजी."

"असं. मंग आज प्रभूसाठीच खा," काकू म्हणाली आणि आणखी एक पोळी त्याच्या ताटात टाकली. आमच्याकडचा आग्रह ज्यानं भोगला आहे त्यालाच ठाऊक. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढतात. त्यानं एक घास घेतला, दुसरा घेतला. घाम आला होता त्याला. मला खरं सांगायचं तर आत कुठेतरी उकळ्या फुटत होत्या.

दीड पोळी झाली आणि तो उठला. "जरा हात धुतो." मागच्या दारापलीकडे आमचा नळ, मध्ये नुसता पडदा. नळ सुरू झाला. आणि नळाच्या आवाजात, कट्. थोड्या वेळानं पुन्हा, कट्.

गोळीच्या पट्टीची चांदी फुटली की जो आवाज होतो, तो. मी ऐकला, पण आत्यानं माझ्या आधी ऐकला. ती चौदा वर्षं गोळ्यांवर होती, सकाळ-संध्याकाळ, तिला तो आवाज नळाखालीच काय, बाजारातही ओळखू आला असता. तिचं तोंड पडद्याकडे वळलं आणि तसंच राहिलं. चेहऱ्यावरची तरतरी अशी उतरत गेली की माझ्या मनातला सगळा आनंद विझला. मला तिच्याशी वाद जिंकायचा होता, तिचा असा चेहरा बघायचा नव्हता.

तो येऊन बसला. आत्या शांतपणे म्हणाली, "जेवणाआधीची राह्यली होती का नंतरची आहे?"

"क्या, माताजी?"

"गोळी."

"अरे वो... ॲसिडिटीची होती."

"हात द्या तुमचा."

त्याला वाटलं, म्हातारी आशीर्वाद मागते. दिला हात. आत्यानं त्याची बोटं आपल्या हातात घेतली आणि अंगठ्यानं एकेका बोटाचं टोक चाचपलं. रोज सुई टोचून शुगर तपासणाऱ्याच्या बोटांच्या कडा निबर होतात, बारीक बारीक टोचे लागतात. आत्याची बोटं तशीच होती. दोघांचे हात तसे एकमेकांत, आणि काकू लाटणं हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"किती वर्ष झाले?" आत्यानं विचारलं.

त्यानं हात ओढून घेतला नाही. मग बोलला तेव्हा हिंदी गायब झाली होती, बहनजी गायब झाल्या होत्या. आमच्यासारखाच बोलला.

"बारा झाले, आजी."

"सुईवर गेले का?"

"नाई. गोळ्यांवरच आहो अजून."

"पायाले मुंग्या येते?"

"येते."

"मंग रात्री पाय पाहत जा. जखम झालेली समजत नाई." आणि मग, त्याच सुरात, "मंग माह्या हातून काऊन टाकाले लावली, बावा?"

तो ताटाकडे बघत राहिला. म्हणाला, "लोकांचा विश्वास वाढते त्यानं. कोणी खरंच सोडत नसन असं वाटे मले."

"मी सोडली ना."

पोळीवरचं तूप थिजत होतं. आत्यानं त्याचा हात सोडला. म्हणाली, "गोळी खाता म्हणून मी तुमाले काई म्हणत नाई. मीबी खाल्ल्या. पण पडद्याआड खाऊ नका. संध्याकाळी साक्षीची वेळ असते, तवा सांगा लोकाइले."

"सांगतो," तो म्हणाला. पोळी अर्धी टाकून उठला. मी उगाच सांगत नाही, जाताना त्यानं ताट उचलून नळापाशी नेलं. घासलं मात्र नाही. आत्याच्या हिशेबात त्याला किती गुण पडले असते, मी कधी विचारलं नाही.

तो गेल्यावर आत्यानं स्वतःहून बोट पुढे केलं. मशीननं जो आकडा दाखवला तो बघून मी फ्रीजकडे धावले. मी बाटली काढली तर म्हणाली, "इथं नाई. जिथं टाकली तिथंच घेईन."

"आत्या, तुझ्या पाया पडते!"

"संध्याकाळ कोठी लांब आहे? पाणी दे."

त्या दुपारी मी दर अर्ध्या तासानं तिला हलवून बघत होते. ती झोपेतून म्हणायची, "जित्ती आहो."

पाच वाजता मंडप पुन्हा भरला; मागे शेवटच्या दिवसाच्या पंगतीचा मसालेभात शिजत होता. टोपलं तिथंच होतं, आता काठोकाठ भरलेलं, त्यात खोकल्याच्या बाटल्यासुद्धा. प्रचारक बोलायला उभा राहिला आणि प्रीतीवर बोलला. शेजाऱ्यावर प्रेम करा, सासवांनो सुनांवर प्रेम करा, असंच सगळं, कुणाला टोचणार नाही असं. आत्या माझ्या शेजारी ताठ बसून वाट बघत होती. पाऊण तास झाला. गोळीचा शब्द नाही. शेवटी तो आमेन म्हणून खुर्चीवर जाऊन बसला, छातीवरचा माइक तसाच लावलेला.

"नाई बोलला," आत्या म्हणाली.

"नाई."

साक्षीची वेळ झाली; ज्याला आपला अनुभव सांगायचा त्यानं समोर यायचं. आत्या उठली. मी हात धरला. पुन्हा तीच वाट, तेच टोपलं, फक्त या वेळी मला माहीत होतं कुठे चाललो आहोत ते. मला वाटलं, आता ही त्याची लक्तरं वेशीवर टांगणार, आणि मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या.

तिनं त्याचं नावसुद्धा काढलं नाही. म्हणाली, "मी चाळीस वर्ष तुमच्या मायाइले, सासवाइले वाचून दाखवलं. खोटा प्रचारक कसा ओळखावा ते सांगतलं. आणि या शुक्रवारी मी सोताच ढोंग केलं. मले पुन्हा वाचाले पाहिजे होतं. त्या लोभाले मी विश्वास म्हटलं, आणि इथं या टोपल्यात तुमच्यासमोर औषध टाकलं. लोकाइनं माह्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मले आवडल्या, हेबी सांगतो. डोळे काई येत नाई आता. देवानं पयलेच उत्तर देल्लं होतं, डॉक्टरच्या तोंडून. मले ते पसंत नव्हतं." मग माझ्याकडे वळली. "भर सुई."

व्यासपीठाच्या पायरीवर मी तिला बसवलं. बाटली उलटी धरून मी मात्रा दोनदा तपासली. तिचा पदर सारला, दंडाची चिमूट धरली, टोचली. सगळा मंडप इतका चूप की बाहेरच्या एसटीचा गिअर बदललेला ऐकू आला.

"आमेन म्हणा," आत्या म्हणाली.

कुणी म्हणेना. मग बायांच्या पहिल्या रांगेतून आवाज आला. कट्.

काकू होती. पर्समधून बीपीची पट्टी काढून सगळ्यांसमोर गोळी तोंडात टाकत होती. पण तिनं तर शुक्रवारी टोपल्यात टाकली होती ना! मी वळून पट्टीकडे पाहिलं. आजची धरून तीन गोळ्या कमी. शुक्रवारची, शनिवारची, रविवारची. मी डोळे वटारले तशी ती पाणी गिळत म्हणाली, "मंग काय? मी काई येडी आहो का? रिकामी पट्टी टाकली होती." आणि मोठ्यानं म्हणाली, "आमेन!" लोक हसले, मग चार-पाच जणांनी म्हटलं, मग पुष्कळांनी. एक आजोबा उठून टोपल्यात आपली पट्टी शोधायला लागले.

त्या गडबडीत दोन्ही स्पीकरमधून, साऱ्या मंडपाला ऐकू जाईल असा, आवाज झाला. कट्. आणि थांबून पुन्हा, कट्.

सगळ्यांनी वर बघितलं. प्रचारक खुर्चीत बसला होता, पट्टी हातात, दोन गोळ्या तळहातावर. माइक विसरला होता की मुद्दाम ठेवला होता, हे मला आजवर कळलेलं नाही. त्यानं मान खाली घालून गोळ्या तोंडात टाकल्या आणि समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायला. ग्लास स्टीलचा होता.

मी आत्याच्या कानाशी वाकले. सांगायची गरजच नव्हती.

"जेवणाआधीची आहे," ती म्हणाली. "मसालेभात त्याच्या ताटात बेतानं वाढजो. आग्रह करू नोको."